खडकीतले पाथरवट मामा: जुन्या कबरींवरची अक्षरं परत कोरून घेतली, त्याचा अनुभव

कबरीवरचा जुना दगड तसाच ठेवून त्यावरची झिजलेली अक्षरं हाताने परत कोरून घ्यायची असतील, तर पुण्यात खडकी बाजाराच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये बसणाऱ्या पाथरवट मामांकडे जा. पाटी नाही. बाहेर पाटे-वरवंटे, एखाद-दुसरं जातं, अर्धवट घडवलेलं तुळशीवृंदावन आणि भिंतीला टेकवलेले दोन क्रूस दिसले की तेच दुकान. गेल्या वर्षभरात मी त्यांच्याकडून सहा दगडांचं काम करून घेतलं. सहाही दगड सैनिकांचे, आणि त्यातला एक माझ्या आजोबांचा. काम उत्तम झालं. उशीर फार झाला. दोन्हीबद्दल सविस्तर लिहिते, कारण मी स्वतः शोधत होते तेव्हा यावर कुणी लिहिलेल्या चार ओळीही मला सापडल्या नव्हत्या.

आमचं कबरस्थान जुनं, मराठी ख्रिस्ती मंडळीचं. आत शिरताच पांढरा चाफा, मागच्या भिंतीला चिंचा, आणि मध्ये पावसाळ्यानंतर कमरेइतकं वाढणारं गवत. दरवर्षी २ नोव्हेंबरच्या आधी आम्ही घरचे जाऊन आजोबांच्या कबरीभोवतीचं गवत काढायचो, शेवंतीची फुलं आणि मेणबत्त्या ठेवायचो, प्रार्थना करून परत यायचो. दगडावर काय लिहिलंय ते पाठच होतं, त्यामुळे कुणी वाचायच्या भानगडीत पडत नसे. दोन वर्षांपूर्वी माझ्या नातीने विचारलं, "आजी, इथे काय लिहिलंय?" मी पाठ म्हणून दाखवलं. ती म्हणाली, "पण इथे तर काहीच दिसत नाही." खरंच दिसत नव्हतं. काळ्या दगडावर दगडफुलाचा थर, त्याखाली कधीतरी कुणीतरी भरलेल्या पांढऱ्या ऑइलपेंटचे पोपडे, आणि त्याच्याही खाली आमच्या आजोबांचं नाव.

आजोबा १९४० मध्ये खडकीलाच बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाले. आधी आफ्रिका, मग इटली. सॅपर म्हणजे पूल बांधणारे, रस्ते करणारे, आणि सगळ्यांच्या पुढे जाऊन जमिनीतले सुरुंग काढणारे. याच सॅपर्समधल्या प्रेमिंद्रसिंग भगतसाहेबांनी १९४१ च्या सुरुवातीला आफ्रिकेत ९६ तासांत ५५ मैलांच्या रस्त्यावरची १५ सुरुंगक्षेत्रं मोकळी केली आणि व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळवला. आमच्या घरात भगतसाहेबांचं नाव देवाखालोखाल घेतलं जायचं. स्वतःबद्दल आजोबा अवाक्षर बोलत नसत. मी सहा वर्षांची असताना, १९६८ मध्ये, ते गेले, त्यामुळे माझ्याकडे त्यांची एकच स्वच्छ आठवण आहे. अंगणात गुलाबाचं कलम लावायचं असलं तरी खड्डा खणण्याआधी ते लोखंडी सळई तिरपी धरून जमिनीत हळूहळू खुपसत, चारी बाजूंनी, वीतभर अंतर ठेवून. आम्ही पोरं ओळीने बसून बघायचो. आम्हाला वाटायचं, गुलाब असाच लावतात. सुरुंग असाच शोधतात हे मला लग्नानंतर कळलं.

तर हा दगड नीट करायचा, असं ठरवलं. पहिल्यांदा गेले ते एका मोठ्या, चकचकीत ग्रॅनाइटच्या दुकानात. तिथल्या मुलाने मोबाईलवरचा फोटो बघितला आणि म्हणाला, "मॅडम, हा दगड काढून टाका. नवा ग्रॅनाइट बसवू, लेझरने फोटोसकट, चार दिवसांत." नमुना म्हणून संगणकावर आजोबांचं नाव टाकून दाखवलं. अक्षरं हिंदी वळणाची. ल ला पाकळी नाही, श ला देठ नाही, आणि जोडाक्षर पाय मोडून शेजारी-शेजारी ठेवलेलं. मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आहे. माझ्या आजोबांच्या डोक्याशी तसं अक्षर मी ठेवू शकले नसते. आणि तो दगड माझ्या आजीने कारखान्याच्या फंडातून आलेल्या पैशांत बसवलेला. तो उखडून कुठे टाकणार होते, हे मी विचारलंसुद्धा नाही.

मामांचा पत्ता पाळकसाहेबांनी दिला. मी गेले तेव्हा ते पाट्याला टाकी लावत होते. हातातलं काम झाल्याशिवाय मान वर केली नाही. मग फोटो बघितला आणि म्हणाले, "फोटोवरून न्हाई सांगता येणार, बाई. दगड बघावा लागंल." पुढच्या रविवारी उपासनेनंतर ते स्वतः सायकलवरून कबरस्थानात आले. हातात एक प्लास्टिकची बादली, नायलॉनचा ब्रश, बांबूच्या चार कामट्या आणि दाढी करताना वापरतात तसा एक आरसा.

इथून पुढे त्यांनी जे केलं ते मला फार आवडलं, म्हणून जरा थांबून सांगते. आधी नुसत्या पाण्याने दगड भिजवला आणि पंधरा मिनिटं तसाच राहू दिला. मग ब्रशने वरून खाली हलक्या हाताने घासलं. अक्षरांच्या खाचांत बसलेलं दगडफूल बांबूच्या कामटीने उकरून काढलं. (आपण गोडा मसाल्यात घालतो तशाच प्रकारचं हे दगडफूल, दगडाला अगदी घट्ट धरून असतं.) तारेचा ब्रश नाही, ॲसिड नाही, साबणसुद्धा नाही. दगड सुकल्यावर ते आरसा घेऊन बाजूला उकिडवे बसले आणि उन्हाची तिरीप आरशाने दगडावर आडवी पाडली. समोरून बघताना जिथे काही नव्हतं तिथे एकदम सावल्या उठल्या. एकेक अक्षर वर आलं. नाव, मग "सॅपर", मग नंबर, मग जन्म-मृत्यूची सालं आणि शेवटी वचनाची ओळ. मी हाताने तोंड दाबून उभी होते. नातीने सगळं मोठ्याने वाचलं.

मामा मात्र नंबरावर अडले होते. आरसा थोडा वर, थोडा खाली, परत वर. "बाई, हा शेवटचा आकडा तुम्ही एक म्हणता?"

मी म्हटलं, हो, आमच्याकडे सगळ्यांना तसाच पाठ आहे.

"रंग भरणाऱ्यानं एक भरलाय. खालची खाच एकाची न्हाई वाटत. नऊ असंल. घरी काय कागद हाय का?"

देवनागरी १ आणि ९ यांत फरक तो केवढा, एका वळणाचा. शिपायाचा नंबर म्हणजे त्याचं दुसरं नाव. ते आम्ही पन्नासहून जास्त वर्षं चुकीचं म्हणत होतो की काय, या विचाराने मला त्या रात्री झोप आली नाही. आजोबांचं डिस्चार्ज बुक १९६१ च्या पानशेतच्या पुरात गेलं. तेव्हा घर नदीकाठी होतं. राहिली ती पदकं, आणि ती नगरला माझ्या आत्याकडे. आत्या ८४ वर्षांची. मी शिवाजीनगरहून एसटी धरली. आत्याने कपाटातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला, त्यातून फडकं, फडक्यातून दोन तारे आणि दोन गोल पदकं. ब्रिटिश शिपायांना दुसऱ्या महायुद्धाची पदकं कोरी मिळाली, पण हिंदुस्थानी सैन्याला मिळालेल्या पदकांवर नंबर, हुद्दा आणि नाव उठवलेलं असतं, ताऱ्यांच्या पाठीवर आणि गोल पदकांच्या कडेवर. हे मला ठाऊक नव्हतं, मामांनी सांगितलं होतं, "पदकाची पाठ बघा." कारण याआधी त्यांनी आणखी एका घराचं असंच काम केलं होतं. भिंग लावलं. इंग्रजी अक्षरांत बारीक ठशांनी आजोबांचा नंबर. शेवटचा आकडा नऊ.

आत्या म्हणाली, "अगं, म्हणजे रंग देणारा चुकला, दगड नाही चुकला. आईने बरोबरच लिहून घेतलं होतं." आणि मग बराच वेळ ती पदक हातात घेऊन बसली.

एवढ्यासाठीच मी मामांची शिफारस करते आहे. टाकी चालवणारे पुण्यात आणखीही असतील. पण खात्री होईपर्यंत टाकी खाली ठेवणारा माणूस मला हा एकच भेटला.

कामाला लागण्याआधी त्यांनी मला आणखी एक सांगितलं: होळकर पुलाजवळच्या युद्ध कबरस्थानात जाऊन या, तिथली अक्षरं बघा, किती खोल हवीत, किती अंतर हवं, ते ठरवा. खडकीत जन्म काढून मी तिथे शाळेच्या सहलीनंतर गेलेच नव्हते. मुळा रोडवरून आत वळलं की रहदारीचा आवाज मागे राहतो. कापलेली हिरवळ, ओळीत कबरी, ओळीत फुलझाडं. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ सैनिकांच्या कबरी तिथे आहेत. पश्चिम आणि मध्य हिंदुस्थानात ठिकठिकाणी पुरलेल्या, जिथे कायमची निगा राखता येईल याचा भरवसा नव्हता, अशा कबरी तिथून हलवून इथे एकत्र आणल्या. सगळे दगड एका मापाचे. अधिकारी असो की साधा शिपाई, दगड तेवढाच, अक्षरं तेवढीच. १९१७ मध्ये ब्रिटिश साम्राज्याच्या सैनिकांच्या कबरी सांभाळणारा युद्ध कबर आयोग स्थापन झाला तेव्हापासूनचा हा नियम: हुद्दा, वंश, धर्म काही असो, दगडात उच्च-नीच नाही. खाली एक ओळ घरच्यांसाठी राखलेली, मोजक्या अक्षरांची. मी त्या ओळी वाचत फिरले. कुणाची आई, कुणाची बायको, हजारो मैलांवरून मोजूनमापून अक्षरं पाठवलेली.

तिथेच पहिल्या महायुद्धाचं स्मारकही आहे. त्यावर १,८०० हून जास्त नावं आहेत, आणि ती कुणाची? आत्ताच्या भारत-पाकिस्तानातल्या जुन्या कॅन्टोन्मेंटच्या आणि गावच्या कबरस्थानांत जे पुरले गेले आणि ज्यांच्या कबरींची निगा पुढे राखता येईना, त्यांची. म्हणजे कबर हरवली तरी नाव उचलून इथे आणून ठेवलं. शिवाय दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेतल्या १९३ सैनिकांची नावं. मी त्या भिंतीसमोर उभी राहिले आणि मनात हिशेब सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानी सैन्य २५ लाखांवर गेलं होतं आणि ८७,००० हून अधिक माणसं परत आली नाहीत. त्यांची नावं आयोगाकडे आहेत. पण आयोगाचं काम युद्धकाळात, म्हणजे १९४७ अखेरपर्यंत, सेवेत मेलेल्यांचं. जो परत आला, कारखान्यात फिटर म्हणून राबला, गुलाब लावले आणि १९६८ मध्ये घरच्या खाटेवर गेला, त्याचा दगड त्यांच्या यादीत बसत नाही. बसणारही नाही, नियमच तसा आहे. तो आमचा आहे. आम्ही नाही बघितलं तर दगडफूल बघेल.

परत आल्यावर मी मामांना म्हटलं, आजोबांचा एकच नको, इथे आणखी सैनिक आहेत. पाळकसाहेब, मंडळीतले एक निवृत्त सुभेदार आणि मी, तिघांनी दोन शनिवार घालवून सगळं कबरस्थान ओळीने चाललो. आरसा आता माझ्याही पर्समध्ये असतो. ज्यांच्या दगडावर पलटण, हुद्दा किंवा लढाईचा उल्लेख आहे अशा आठ कबरी सापडल्या. दोन हवालदार, तीन सॅपर (आजोबा धरून), एक मराठा लाइट इन्फन्ट्रीचा नाईक, एक ज्याचं नावच नीट लागत नाही असा, आणि एक सगळ्यांत जुना, ज्यावर नावाखाली नुसतं एवढंच आहे: "बसऱ्याहून परत आला."

या दगडासाठी मी कितीही लिहू शकते. पहिल्या महायुद्धात महाराष्ट्रातून हजारो माणसं मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, गेली. घरची माणसं त्या सगळ्या मुलखाला बसराच म्हणायची, कारण बोट तिथे लागायची. तिथल्या कूत-अल-अमारा गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात, डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, मराठा पलटणी आणि आपल्या खडकीच्या सॅपर्सची तुकडी अडकून पडली होती, घोड्यांचं मांस खायची वेळ आली होती, आणि शरणागतीनंतर कैदेत कितीतरी जण मेले. आमचा माणूस कूतमध्ये होता की बाहेर, दगड सांगत नाही. पण ज्याने ती ओळ लिहून घेतली त्याला "परत आला" हे सर्वांत मोठं वाटलं.

आणि जे परत आले नाहीत त्यांचं काय झालं, ते मी नंतर वाचलं. बसऱ्याला युद्धात मेलेल्यांचं स्मारक उभारलं, १९२९ मध्ये. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावं आहेत, हिंदुस्थानी अधिकाऱ्यांची नावं आहेत, आणि हिंदुस्थानी शिपायांचा मात्र पलटणीखाली नुसता आकडा. नावं कोरलीच नाहीत. सगळ्यांना सारखा दगड हा नियम करणाऱ्यांच्याच हातून हे झालं. २०२१ मध्ये आयोगाने स्वतःच चौकशी करून हे कबूल केलं आणि माफी मागितली. मी हे मामांना सांगितलं तेव्हा ते "बसऱ्याहून"मधला ऱ्या खडूने आखत होते. अर्धा र, म्हणजे या च्या आधीची ती बारीक आडवी रेघ, काळ्या पाषाणात ती सर्वांत आधी तुटते. त्यांनी विचारलं, "नुसता आकडा? येवढी मानसं?" आणि परत आखायला लागले. त्या एका अक्षराला त्यांना अर्धा दिवस लागला. आता बोट फिरवलं की रेघ बोटाला लागते.

दर सांगते, म्हणजे अंदाज येईल. अक्षराला ४० रुपये. जोडाक्षर एकच धरतात आणि काना-मात्रा-वेलांटीचे पैसे घेत नाहीत. सफाईचे दगडामागे १,५०० आणि कललेला दगड सरळ करायचा असेल तर ३,५००. आजोबांच्या दगडाची ७१ अक्षरं झाली, म्हणजे २,८४० अधिक सफाई अधिक सरळ करणं, सगळे मिळून ७,८४० रुपये. निम्मे आधी द्यावे लागतात. पावती नाही, वहीच्या पानावर हिशेब लिहून देतात. मला तो पुरला, पण मंडळीच्या खात्यातून पैसे द्यायचे असतील तर कमिटीला पक्कं बिल लागतं, तेव्हा अडचण होईल. मुलाच्या फोनवर ऑनलाइन पैसे चालतात. पाच दगडांचा खर्च आम्ही वर्गणीतून केला. ज्यांचे नातेवाईक सापडले त्यांची लेखी संमती घेतली, आणि कमिटीचं परवानगीपत्र हातात आल्यावरच टाकी लागली. हे दोन्ही कागद आधी मिळवा. आमचे दोन महिने तिथेच गेले.

उशिराचं सांगायचं तर, तीन आठवडे म्हणाले होते, पहिल्या दगडालाच नऊ आठवडे लागले. काळा पाषाण हाताने कोरायचा म्हणजे दिवसाला दहा-बारा अक्षरं होतात हे मला नंतर बसून बघितल्यावर कळलं. टाकीचं टोक सारखं बोथट होतं, सारखं घासावं लागतं. पण मग तसं आधी सांगायला हवं होतं. फोन उचलत नाहीत. काम चालू असताना तर नाहीच. अमावास्येला टाकी धरत नाहीत, पावसाळ्यात उघड्यावरचं काम बंद. ज्यांना एखाद्या ठरावीक तारखेला कार्यक्रम करायचा आहे त्यांनी चार-पाच महिने हातात ठेवावेत. आमचा कार्यक्रम ११ नोव्हेंबरच्या आधीच्या रविवारी होता आणि सहावा दगड शनिवारी संध्याकाळी बॅटरीच्या उजेडात पुरा झाला. त्या आठवड्यात माझं ब्लडप्रेशर वाढलं होतं, हे खरं आहे.

एका हवालदारांच्या दगडावर दुसरी ओळ उजवीकडे किंचित चढली आहे. मी दाखवल्यावर त्यांनी दोरी लावून बघितली, मान्य केलं आणि त्या ओळीचे पैसे घेतले नाहीत. मोडून परत करता येत नाही, दगड आहे. हवालदारांच्या नातवाला मी सांगितलं तर तो म्हणाला, "राहू द्या बाई, पूर्वी काहीच दिसत नव्हतं."

त्यांना न जमणारं काम ते घेत नाहीत, हेही नोंदवते. नाईकसाहेबांचा दगड संगमरवरी आहे, त्यात खाचांत शिसं ठोकून अक्षरं बसवलेली. निम्मी अक्षरं पडली आहेत. शिवाय काही वर्षांपूर्वी एका कंत्राटदाराने सफाई म्हणून त्यावर ॲसिड ओतलं होतं. संगमरवर ॲसिडने विरघळतो. आता त्याच्यावर हात फिरवला तर साखरेवर फिरवल्यासारखा खरखरीत लागतो, आणि वरचा थर बोटाला चिकटून येतो. मामांनी बघितलं आणि म्हणाले, याला टाकी लावली तर फुटेल, शिशाचं काम मला येत नाही, तुम्ही संगमरवरवाला शोधा. तो मी अजून शोधते आहे. कुणाला ठाऊक असेल तर कळवा. आणि कृपा करून कुणीही आपल्या माणसाच्या दगडावर ॲसिड, ब्लीच किंवा तारेचा ब्रश लावू देऊ नका. तडा गेला असेल तर सिमेंट भरू देऊ नका, ओल आत कोंडते आणि जुना दगड कडेने फुटतो. चुन्याने भरणारे अजून आहेत. मामा चुन्यानेच भरतात.

अक्षरांत सोनेरी रंग भरावा, असं मला वाटत होतं. त्यांनी नाही म्हटलं. रंग गेला की परत कुणीतरी भरणार, आणि एकाचा नऊ नाहीतर नऊचा एक होणार. मी ऐकलं.

त्या रविवारी आम्ही साठ-सत्तर जण होतो. सुभेदारसाहेबांनी पदकं लावली होती. आत्याला नगरहून गाडी करून आणलं. खुर्चीवर बसवून तिला कबरीजवळ नेलं, तर ती म्हणाली, मला खाली बसव. दोघांनी धरून बसवली. तिला आता नीट दिसत नाही. तिने नावावरून बोट फिरवलं, मग "सॅपर"वरून, मग नंबरावरून, सावकाश, एकेक आकडा तोंडाने म्हणत. शेवटच्या आकड्याशी थांबली आणि माझ्याकडे बघून "नऊ" म्हणाली. मामा मागे चाफ्याखाली उभे होते, डोक्यावरची टोपी हातात धरून. त्यांना पुढे या म्हटलं तर आले नाहीत.

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा उशिरासाठी कापला आहे आणि तो उशिराच्या मानाने कमीच कापला आहे.

आता राहिलेला आठवा दगड. तो चिंचेखाली आहे, वरचा अर्धा भाग मुळांनी उचलून फुटलेला. आरशाने जेवढं वाचता आलं तेवढं असं: नावाचं पहिलं अक्षर "वि" किंवा "चि", मधला भाग गेलेला, आडनावाच्या शेवटी "रे", त्याखाली "हवालदार", त्याखाली सालाचे पहिले तीन आकडे १९३. मी मामांना म्हटलं होतं, अंदाजाने नाव पुरं करू, निदान कुणीतरी वाचेल. ते म्हणाले, "दिसतंय तेवढं कोरून देतो, बाई. न दिसनारं न्हाई." दफनांची जुनी वही पाळकसाहेबांनी येत्या गुरुवारी कपाटातून काढून ठेवायचं कबूल केलं आहे. पण वहीतली पानंही वाळवीने खाल्लेली आहेत. तुमच्या घरात पुण्या-खडकीकडचे, १९३० ते १९३९ च्या दरम्यान वारलेले, पलटणीत हवालदार असलेले आणि आडनावाच्या शेवटी "रे" असलेले कुणी पणजोबा असतील, तर मला लिहा. त्यांच्या दगडाची ४० रुपये अक्षराची उचल मी मामांकडे देऊन ठेवली आहे.